तटस्थतेची अट फक्त आम्हालाच का?

प्रति,
विद्यापीठांची अभ्यासमंडळं व निवड समित्या, संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था आणि स्वमग्नतेवरच्या शोधपत्रिकांचे संपादक यांस,

स.न.वि.वि.

मी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि स्वमग्नतेवर संशोधन करते. अपंगत्व-अभ्यास, म्हणजे अपंगत्वाकडे समाजरचनेच्या बाजूने पाहणारा विषय, मी विद्यापीठात शिकवते. ज्या विभागात मी कंत्राटावर आहे, तिथला अपंगत्व-अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुढच्या वर्षापासून बंद करायचं ठरलं आहे. त्यातले दोन पेपर विशेष शिक्षणाकडे ऐच्छिक म्हणून जातील आणि भरायचं राहिलेलं पद चिकित्सा मानसशास्त्राला दिलं जाईल. विद्यार्थी मिळत नाहीत किंवा पैसा नाही, असं कारण असतं तर त्यावर आकडे घेऊन बोलता आलं असतं. पण निर्णयाच्या टिपणात कारण वेगळंच आहे. या विषयाच्या अध्यापकांचा विषयाशी व्यक्तिगत संबंध असल्यामुळे त्यांच्या संशोधनाच्या तटस्थतेबद्दल शंका राहते, असं तिथे लिहिलं आहे.

विद्यापीठाचं नाव मी देत नाही, कारण हे म्हणणं एका विद्यापीठाचं नाही. शब्द थोडे इकडेतिकडे करून मी ते परीक्षकांच्या अभिप्रायात वाचलं आहे, निधी नाकारल्याच्या पत्रात वाचलं आहे, मुलाखतीत समोरासमोर ऐकलं आहे. या क्षेत्रातल्या इतर स्वमग्न आणि अपंग संशोधकांनीही ते आपापल्या ठिकाणी ऐकलं आहे. म्हणून पत्र आपणा सर्वांना, आणि जाहीरपणे.

माझं निदान झालं तेव्हा मी पीएच.डी. करत होते. माझ्यासारख्या माणसांना दुसऱ्याच्या मनाचा अंदाज येत नाही, स्वतःबद्दल ती नीट सांगू शकत नाहीत, असं ज्या निबंधांत लिहिलं होतं, तेच निबंध मला प्रबंधात संदर्भ म्हणून द्यावे लागत होते. त्यांतली उणीव दाखवली की विचारलं जायचं, “हे तू डेटावरून म्हणतेस की स्वतःवरून?” दोन्हींवरून, हे उत्तर तेव्हा चाललं नाही आणि आजही चालत नाही. एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला स्वतःला हृदयविकार झाला म्हणून त्याचं संशोधन कुणी बाजूला ठेवत नाही. आमच्या बाबतीत मात्र निदान हाच आमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

तटस्थतेचा मुद्दा मी आधी घेते, कारण बाकीच्या तक्रारी त्याच्याच पोटातून निघतात.

या विषयाचा इतिहास आपल्याला माहीत आहे. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच निबंधात त्या मुलांच्या आईवडिलांच्या कोरडेपणाचाही उल्लेख होता. पुढे त्या उल्लेखाचा सिद्धान्त झाला: आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं. शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे प्रमुख ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६०च्या दशकात हे मत घरोघरी पोहोचवलं. एका पिढीतल्या आयांनी हा डाग घेऊन आयुष्य काढलं. बेटलहाइम यांचा विषयाशी आपण म्हणता तसला कुठलाही व्यक्तिगत संबंध नव्हता. ते स्वमग्न मुलाचे वडील नव्हते, ते स्वतः स्वमग्न नव्हते. आपल्या कसोटीवर ते पूर्णपणे उतरले असते.

तो सिद्धान्त मोडला कुणी? बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली स्वमग्नतेची कारणं मज्जासंस्थेत शोधावीत असं साधार मांडलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडील होते. लोर्ना विंग मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. ज्यूडिथ गूल्ड यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी केली, ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. स्वमग्नतेचा एकच ठरावीक साचा नसून ती अनेक रूपांत दिसते, ही आज आपण सगळे धरून चालतो ती समज बऱ्याच अंशी त्या कामातून आली. हान्स आस्परगर यांचं १९४४ सालचं जर्मन काम इंग्रजी वाचकांपुढे ठळकपणे आणलं तेही विंग यांनीच, १९८१ मध्ये. रिमलंड आणि विंग यांना ‘व्यक्तिगत संबंध’ या कारणाने बाहेर ठेवलं असतं तर आपल्या पाठ्यपुस्तकांत आज काय असतं, याचा विचार करावा.

नातं असलं की माणूस बरोबरच असतो, असं माझं म्हणणं नाही. रिमलंड पुढे स्वमग्नतेचा संबंध लसींशी जोडत राहिले. ते चूक होतं आणि त्यातून नुकसान झालं. माझं म्हणणं एवढंच की दावा पुराव्यावर तपासावा. तो कुणी केला, त्याचं निदान काय, यावर तपासू नये.

आणि संबंधच तपासायचे असतील तर सगळ्यांचे तपासा. क्रिस्टन बॉटेमा-ब्यूटल आणि शॅनन क्राउली यांनी २०२१ मध्ये वर्तनोपचारांवरच्या शोधपत्रिकांतले स्वमग्नताविषयक निबंध तपासले. ८४ टक्के निबंधांत किमान एक लेखक असा होता, ज्याचा त्याच प्रकारचे उपचार देण्याशी किंवा त्याचं प्रशिक्षण देण्याशी व्यावसायिक संबंध होता. तो संबंध जाहीर केला होता फक्त २ टक्के निबंधांत. उपचार विकणाऱ्याने उपचार चांगला ठरवला तर ते तज्ज्ञांचं मत होतं, आणि ज्याच्यावर उपचार झाला त्याने आपला अनुभव पद्धतशीर अभ्यासून मांडला तर तटस्थतेचा प्रश्न येतो. संपादकमंडळींनी याचं उत्तर द्यावं. मला ते आजवर कुणी दिलेलं नाही.

आम्हाला बाहेर ठेवल्याने विज्ञानाचंही नुकसान होतं. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या १९८५ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात वीस स्वमग्न मुलं होती. दुसऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे ओळखण्याच्या, बाहुल्या वापरून घेतलेल्या चाचणीत त्यांतली सोळा चुकली. त्या एका चाचणीपासून पुढे, स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळतच नाही, इथवर मजल गेली. चूक आमच्यातच आहे हे गृहीत धरल्यामुळे, समोरच्या माणसाला आमचं मन कितपत कळतं, हा साधा उलटा प्रश्न फार काळ कुणी विचारला नाही. तो नेमका मांडला डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली. ते समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वमग्न आहेत, आणि तो निबंध छापला अपंगत्व-अभ्यासाच्या शोधपत्रिकेने. समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंनी असते, असं त्यांचं प्रतिपादन होतं. त्यावर पुढे प्रयोग झाले. कॅथरिन क्रॉम्पटन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोहोचवणाऱ्या माणसांच्या साखळ्या तयार केल्या. निव्वळ स्वमग्न माणसांच्या साखळीत माहिती स्वमग्न नसलेल्यांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत ती जास्त गळली. हाच प्रयोग बऱ्याच मोठ्या गटावर पुन्हा झाला, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, आणि त्यात मिश्र साखळीतली ती जास्तीची गळती दिसली नाही. पण स्वमग्न माणसं त्यातही कमी पडली नाहीत. विज्ञान असंच पुढे जातं: दावा, तपासणी, दुरुस्ती. आमच्या दाव्यांचीही अशीच तपासणी व्हावी, एवढंच मागणं आहे. दावा करायला आत तर येऊ द्या.

मिशेल डॉसन यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. त्या कॅनडात टपाल वाटायचं काम करत होत्या, हाती विद्यापीठाची पदवी नव्हती. मॉन्ट्रियलचे संशोधक लोराँ मोत्रों यांनी त्यांची टीका वाचून त्यांना सोबत घेतलं. २००७ साली या गटाने दाखवलं की स्वमग्न मुलांची बुद्धिमत्ता आकृत्यांचे नमुने पूर्ण करायच्या रेव्हनच्या चाचणीने मोजली तर ती प्रचलित वेक्सलर चाचणीपेक्षा सरासरी सुमारे ३० पर्सेंटाइलने वर येते. म्हणजे ‘मतिमंद’ ठरवली गेलेली कित्येक मुलं मोजमापाच्या निवडीमुळे तशी ठरली होती. हा प्रश्न पडायला लागणारी नजर डॉसन यांच्याकडे होती, आणि त्या आत आल्या कारण एका माणसाने दार उघडलं. एखाद्याच्या भलेपणावर विसंबून हे क्षेत्र चालवायचं का?

आता इतर तक्रारी.

निधीचं वाटप पाहा. लिझ पेलिकानो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या स्वमग्नता-संशोधनाच्या निधीचा हिशेब मांडला, तेव्हा ५६ टक्के रक्कम जीवशास्त्र, मेंदू आणि आकलन यांवर जात होती. समाजाशी संबंधित प्रश्नांवर १ टक्का. त्याच पाहणीत स्वमग्न माणसांनी आणि पालकांनी सांगितलं होतं की त्यांना रोजचं जगणं सुधारेल असं संशोधन हवं आहे. मेंदूवरच्या संशोधनाला माझा विरोध नाही. अपस्मार, झोप, वेदना यांवरचं चांगलं काम मला हवंच आहे. पण स्वमग्न मूल मोठं होतं, नोकरी शोधतं, नोकरी गमावतं, आईवडील गेल्यावर एकटं पडतं, म्हातारं होतं. यावर काम करू पाहणाऱ्या तरुण संशोधकाला आपण कुठून निधी देणार? स्वमग्न माणसं ज्याला बर्नआउट म्हणतात, तो महिनोन्‌महिने टिकणारा थकवा आणि असलेली कौशल्यंही गळून जाणं, त्यावर पहिलं पद्धतशीर काम २०२०च्या सुमारास आलं. ते केलं डोरा रेमेकर यांच्या गटाने. रेमेकर स्वतः स्वमग्न आहेत, आणि ज्या आस्पायर गटातून हे काम आलं तो २००६ पासून विद्यापीठातले संशोधक आणि स्वमग्न माणसं यांना बरोबरीने बसवून संशोधन करतो. असं करता येतं, याचा दाखला इतकी वर्षं आपल्यासमोर आहे.

मुलाखतींबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण करिअर तिथेच अडतं. मला मिळालेल्या अभिप्रायांत एक ओळ ठरलेली असते: विषयावर पकड उत्तम, पण विभागात मिसळतील का याबद्दल खात्री वाटत नाही. ही खात्री कशावरून होते? नोहा सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की स्वमग्न माणसाची काही सेकंदांची चित्रफीत पाहून किंवा आवाज ऐकून इतर लोक त्याच्याबद्दल प्रतिकूल मत बनवतात. तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं तर ते मत उरत नाही. म्हणजे आम्ही काय बोललो यावर आमचं मोजमाप होतच नाही. नजर कुठे होती, उत्तराआधी किती थांबलो, हात काय करत होते, सूर सपाट होता का, यावर होतं. पाचसहा अनोळखी माणसं, अनपेक्षित प्रश्न, त्यातला एखादा मुद्दाम संदिग्ध, उमेदवार गडबडतो का ते पाहायला. ही परीक्षा अध्यापनाची नाही आणि संशोधनाचीही नाही. तरी पद कुणाला द्यायचं ते तीच ठरवते. स्वमग्नतेवरच्या पदासाठीसुद्धा.

अपंगत्वामुळे लागणारी सोय मागावी तर आधी निदान उघड करावं लागतं. उघड केलं की पुढच्या प्रत्येक प्रश्नात ते डोकावतं. न केलं तर दिवसभर नजर सांभाळत, आवाज सांभाळत बसायचं आणि संध्याकाळी कशाचंही भान उरत नाही. कितीतरी चांगले संशोधक या पेचातच क्षेत्र सोडून गेले. त्यांनी का सोडलं याची नोंद कुठल्याही विभागाकडे नसते.

त्यात कंत्राट. एक-दोन वर्षांची नेमणूक, मग नवं शहर, नवी इमारत, नवे सहकारी, नवं वेळापत्रक. हे कुणालाही जड जातं. ज्याचं काम ठरलेल्या क्रमावर आणि ओळखीच्या जागेवर चालतं, त्याचं अर्धं कंत्राट घडी बसण्यातच संपतं. प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्र नव्याने दाखवायचं, लखलखत्या दिव्यांचा त्रास होतो हे नव्याने सांगायचं, अर्ज नव्याने भरायचा, आणि सोय मंजूर होते तेव्हा कंत्राट संपत आलेलं असतं. स्थिर पद मिळाल्यावर हे सगळं मागता येईल, असं मला सांगण्यात आलं आहे. पण मागणी पूर्ण झाल्याशिवाय स्थिर पदापर्यंत पोहोचायचं कसं?

परिषदांबद्दल जास्त लिहीत नाही. जिम सिन्क्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून भरवलेल्या ऑट्रीट या स्वमग्न माणसांच्या मेळाव्यात रंगीत बिल्ल्यांची पद्धत होती: लाल म्हणजे आत्ता बोलू नका, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, हिरवा म्हणजे अवश्य बोला. जवळजवळ फुकटात होणारी गोष्ट आहे. स्वमग्नतेवरच्या मोठमोठ्या परिषदांत अजूनही एक शांत खोली मागावी लागते.

आमच्या अनुभवाचा वापर होतो, त्याचं मोल मिळत नाही, ही तक्रार मला सगळ्यात जास्त सलते. प्रकल्पाच्या अर्जात ‘स्वमग्न व्यक्तींचा सहभाग’ असा रकाना आता असतो. तो भरण्यासाठी आम्हाला बोलावतात. एका दुपारी मतं विचारतात, फोटो काढतात. मानधन नसतं, आराखडा आधीच ठरलेला असतो, निबंधावर नाव नसतं. स्वमग्न विद्यार्थ्यांना ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणून वर्गात उभं केलं जातं, आणि त्या अनुभवाचा अर्थ लावण्याचं काम दुसऱ्या कुणाला दिलं जातं.

अपंगत्व-अभ्यासाच्या मुळाशी हाच अनुभव आहे. इंग्लंडमधल्या ल कोर्ट या निवासी संस्थेतल्या अपंग रहिवाशांनी १९६०च्या दशकात आपल्या जगण्यावर आपला ताबा असावा म्हणून झगडा केला. झोपायची वेळ, बाहेर जायची मुभा, संस्थेच्या कारभारात आपलं म्हणणं, असल्या गोष्टी. आपल्या बाजूने काही होईल या आशेने त्यांनी संशोधकांना बोलावलं. टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन आले, रहिवाशांमध्ये वावरले, आणि त्यांनी १९७२ साली जे छापलं त्याचा सारांश असा: इथे येणारा माणूस समाजाच्या दृष्टीने मेलेलाच असतो, आणि अशा संस्थांचं काम म्हणजे त्याला या सामाजिक मृत्यूपासून शारीरिक मृत्यूपर्यंत नेणं. हे दोघे स्वतःला दोन्ही बाजूंमध्ये समतोल राखणारे समजत होते. तिथले एक माजी रहिवासी पॉल हंट यांनी त्याच वर्षी ‘द गार्डियन’मध्ये पत्र लिहून अपंग माणसांना स्वतःची संघटना उभारण्याचं आवाहन केलं. त्यातून यूपायस ही संघटना उभी राहिली. १९७६ मध्ये तिने मांडलं की शरीरातली उणीव एक आणि समाजाने घातलेली आडकाठी वेगळी, आणि अपंगत्व म्हणजे ती आडकाठी. या संघटनेचे व्हिक फिंकेलस्टाइन पुढे ओपन युनिव्हर्सिटीत शिकवू लागले. मायकेल ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये याच विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिलं, आणि १९९२ मध्ये विचारलं की संशोधनाची सूत्रं ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्या हाती कधी येणार. ऑलिव्हर व्हीलचेअर वापरत. ब्रिटनमधले अपंगत्व-अभ्यासाचे ते पहिले प्राध्यापक.

जो विषय आपण बंद करत आहात, त्याची वंशावळ ही आहे. विशेष शिक्षणाच्या वर्गात दोन ऐच्छिक पेपर ठेवल्याने तो टिकणार नाही. विशेष शिक्षण हे मोलाचं काम आहे आणि ते करणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. पण तिथे प्रश्न असतो की या मुलाला वर्गात कसं बसवायचं. आमचा प्रश्न असतो की वर्ग असा का बांधला, तो कुणाला धरून बांधला, आणि ‘सामान्य’ कोण हे ठरवायचा अधिकार कुणाकडे आला. चिकित्सा मानसशास्त्र विचारतं की या माणसात काय बिघडलं आहे. हे प्रश्न एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. या विषयात मतभेद नाहीत असंही नाही. जेनी मॉरिस, लिझ क्रो यांच्यासारख्या अपंग स्त्रियांनी १९९०च्या दशकातच विचारलं होतं की दुखणाऱ्या शरीराचं काय, त्याबद्दल हे प्रारूप गप्प का? स्वमग्नतेच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र आहे. ज्याला चोवीस तास सोबत लागते, जो स्वतःला इजा करून घेतो, त्याचं दुःख केवळ आडकाठ्या हटवून संपेल असं मी म्हणणार नाही. हा वाद जिवंत ठेवायला विभाग लागतो, शिक्षक लागतात, वर्षानुवर्षं वाचणारे विद्यार्थी लागतात.

आणखी एक गोष्ट आमच्याच बाजूची. विद्यापीठात पोहोचलेले स्वमग्न संशोधक बहुतेक बोलू शकणारे, पदव्या मिळवलेले आहेत. मी त्यांच्यातलीच. न बोलणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्वमग्न माणसांच्या वतीने बोलायचा अधिकार मला नाही, आणि पालक माझ्यावर हा आक्षेप घेतात तेव्हा त्यात तथ्य असतं. त्याचा उपाय मला बाहेर काढणं हा नव्हे. टाइप करून, चित्रांतून, आपल्या वेळेत मत देणाऱ्यांनाही संशोधनात जागा देणं हा आहे, आणि त्यासाठी वेळ आणि पैसा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच असायला हवा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

अपंगत्व-अभ्यासाचा अभ्यासक्रम बंद करण्याचा किंवा दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा निर्णय जिथे जिथे झाला आहे तिथे तो स्थगित करावा, आणि अपंग विद्यार्थी, अध्यापक व संघटना यांचं म्हणणं ऐकून मगच पुढे जावं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं चौथं कलम अपंग व्यक्तींशी त्यांच्याबद्दलच्या निर्णयांत सल्लामसलत करायला सांगतं. करार सरकारांनी केला आहे, पण विद्यापीठांनी तो आपल्याला लागू नाही असं समजू नये. ‘व्यक्तिगत संबंध’ हे कारण कुठल्याही टिपणात, अभिप्रायात किंवा नकारपत्रात वापरू नये. वापरलंच तर संशोधनात त्यामुळे नेमकी कोणती चूक झाली ते लिहून द्यावं.

मुलाखतीचे प्रश्न किमान दोन दिवस आधी सर्व उमेदवारांना लेखी द्यावेत. सर्वांना, म्हणजे कुणाला निदान उघड करावं लागणार नाही. उत्तरांचा काही भाग लेखी घ्यावा आणि लेखी भागाचं मूल्यमापन नाव व चेहरा न पाहता व्हावं. ‘मिसळतील का’ हा निकष काढून टाकावा. सहकाऱ्यांबरोबर काम करण्याची क्षमता पाहायची असेल तर आधीच्या सहकाऱ्यांना विचारावं. त्याच कराराचं दुसरं कलम वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानतं आणि सत्ताविसावं कलम कामाच्या ठिकाणाबद्दल आहे. मंजूर झालेली सोय नेमणूक बदलली तरी व्यक्तीसोबत जावी, अर्ज पुन्हा शून्यापासून भरावा लागू नये. कंत्राटं किमान तीन वर्षांची असावीत.

निधी देणाऱ्या संस्थांनी प्रौढ स्वमग्न माणसांचं जगणं, काम, आरोग्य, वार्धक्य यांसाठी वेगळा हिस्सा राखावा आणि दर वर्षी वाटपाचे आकडे जाहीर करावेत. प्रकल्पात स्वमग्न व्यक्तींचा सहभाग लिहिला असेल तर आराखडा ठरण्याआधी त्यांना बोलावल्याचा पुरावा मागावा, त्यांचं मानधन अंदाजपत्रकात पाहावं, आणि काम केलं असेल तिथे लेखक म्हणून नाव द्यायला लावावं. निधीचे अर्ज तपासणाऱ्या मंडळात स्वमग्न संशोधक मतदानाच्या अधिकारासह असावेत.

संपादकांकडे मागणी एकच: हितसंबंधांचं निवेदन सर्व लेखकांना सारखं लागू करा. उपचारातून, प्रशिक्षणातून, सल्लागारीतून मिळणारं उत्पन्न त्यात आलंच पाहिजे, आणि ते लपवल्याचं आढळलं तर निबंधावर दुरुस्ती छापली गेली पाहिजे.

ज्या अभ्यासक्रमामुळे हे पत्र लिहावं लागलं, त्याच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशांची जाहिरात निघण्याची वेळ जवळ आली आहे. ती निघण्याआधी या मुद्द्यांवर लेखी उत्तर मिळावं. चर्चेला बोलावलंत तर मी येईन. विषयपत्रिका आधी पाठवावी आणि मला काही मुद्दे लेखी मांडू द्यावेत. दुसऱ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांची पदवी कोणत्या नावाने मिळणार हेही अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांना निदान तेवढं याच आठवड्यात कळवावं.

कळावे,

आपली,
अपंगत्व-अभ्यासाची एक स्वमग्न अध्यापिका